साठ डझन हापूस आणि १९ नियम : देवगडच्या एका इनबॉक्सचं प्रकरण

२४ एप्रिल २०२५च्या संध्याकाळी काकीचा फोन आला. "गो, पुण्याच्या त्या माणसाचो मेल इलो हा. म्हणता, दोनदा लिवलंय, उत्तर नाय. माका तर एकय मेल दिसलो नाय. खंय गेलो?"

मेल कुठे गेला हे शोधायला मला अर्धा तास लागला. तो तिथे कुणी नेऊन टाकला हे मात्र लगेच कळलं. आदल्या गणपतीत काकीच्या जीमेलमध्ये मी मेल आपोआप वेगळे लावणारे १९ नियम बसवून दिले होते आणि त्यातल्याच एकाने तो उचलला होता. पुण्याच्या एका सोसायटीची साठ डझनांची मागणी होती, तीही ३० एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेच्या आत पोचवायची. तोवर त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. आमचे आंबे वाशीच्या घाऊक बाजारात गेले आणि दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, आली ती थेट विक्रीच्या जवळपासही नव्हती.

काका-काकी मला काही बोलले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. नियम कसे केले, कुठे चुकले आणि मग कसे बदलले ते इथे सगळं लिहिते आहे, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचा संसार, धंदा आणि सरकारी कामं अशाच एका ईमेल पत्त्यावर चालतात.

घर, बाग आणि एकच पत्ता

काकांची देवगड तालुक्यात दीडशेच्या आसपास हापूसची कलमं आहेत. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा, आता निम्मा थेट गिऱ्हाइकाकडे जातो. घरामागच्या दोन खोल्या कुणकेश्वर, विजयदुर्ग बघायला येणाऱ्यांना देतात. बाग काका बघतात, बाकी सगळं काकी. बाकी सगळं म्हणजे खोल्या, गिऱ्हाइकं, हिशोब आणि तो ईमेल.

व्हॉट्सॲप असताना ईमेल कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. सोसायटीची मागणी म्हणजे चाळीस घरांची यादी असते. नाव, विंग, फ्लॅट नंबर, कुणाला एक डझन, कुणाला पाच डझनी पेटी. ती व्हॉट्सॲपच्या गप्पांत दोन दिवसांत वाहून जाते. खोल्यांचं बुकिंग ज्या संकेतस्थळांवरून येतं त्यांचा सगळा कारभार ईमेलवर. ऑक्टोबर २०१८मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून थेट घेणारं गिऱ्हाईक अस्सलपणाचा दाखला मागतं, तोही मेलनेच जातो. शिवाय बँक, फळपीक विमा, महावितरणचं बिल, खत-औषधवाल्यांच्या जाहिराती. चुलतभावाने नोकरी शोधताना हाच पत्ता दिला होता, त्यामुळे त्याला नोकरी लागून दोन वर्षं झाली तरी रोज पाच-सात जागांच्या सूचना येतच होत्या.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच मी आधी लक्षात घेतली नव्हती. काकी मेल फक्त फोनवर बघते, आणि फोन वाजला तरच बघते. एप्रिलमध्ये पहाटे झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन काढणी सुरू होते, दुपारी देठ सांभाळून प्रतवारी, मग खोकी भरणं, पिकवायला आढी लावणं. त्या हातांनी कुणी इनबॉक्स चाळत बसत नाही. जे वाजलं नाही ते तिच्या दृष्टीने आलंच नाही.

पहिले नियम

सप्टेंबर २०२४मध्ये गणपतीला गेले तेव्हा काकीच्या फोनवर हजारो न वाचलेले मेल होते. मी रत्नागिरीत एका कार्यालयात हिशोबाचं काम करते, संगणक रोजचा आहे. लॅपटॉप घेऊन गेले होते, कारण जीमेलमध्ये नियम, म्हणजे फिल्टर, करायचा तर ब्राउझर लागतो. फोनवरच्या ॲपमध्ये तो करता येत नाही. याचा एक परिणाम असा की नियम चुकला तर काकीला स्वतःहून तो दुरुस्त करता येत नव्हता.

फिल्टरची रचना साधी असते. आधी अट, म्हणजे कुणाकडून, कुणाला, विषयात काय, मजकुरात कुठला शब्द, जोडलेली फाइल आहे का. मग कृती, म्हणजे लेबल लावा, तारा लावा, वाचलेला म्हणून खूण करा, इनबॉक्समध्ये न आणता बाजूला ठेवा, स्पॅममध्ये कधीच टाकू नका, पुसून टाका. मी आरतीनंतर बसून एका रात्रीत १९ नियम केले. 'ऑर्डर' लेबलसाठी मजकुरात आंबा, हापूस, ऑर्डर हे शब्द, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. 'हिशोब' लेबलसाठी पेमेंट, इनव्हॉइस, स्टेटमेंट. हिशोबाचे मेल इनबॉक्समध्ये गर्दी करतात म्हणून ते बाजूला ठेवायचे आणि वाचलेले म्हणून खूणही करायची, असं मी त्यात घातलं.

इनबॉक्स स्वच्छ झाला. काकी खूश, मी खूश, आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीने परत आले.

तो मेल कसा पडला

पुण्याच्या गृहस्थांनी १२ एप्रिलला लिहिलं. मजकूर मराठीत, सविस्तर, सोबत यादी. शेवटी एक वाक्य, 'निम्मं पेमेंट आधी पाठवतो.' यात 'आंब्याच्या साठ डझनांची' असं होतं, 'हापूसची' असंही होतं. तरी 'ऑर्डर' लेबल लागलं नाही. का लागलं नाही, हे मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने बघावं असं आहे. जीमेल पूर्ण शब्द जुळवतो, शब्दाचा तुकडा जुळवत नाही. आणि आपला शब्द वाक्यात गेला की रूप बदलतो. आंबा, आंबे, आंब्याची, आंब्यांना, आंबेवाले. मी नियमात घातलेला 'आंबा' प्रत्यक्षात फार थोड्या मेलमध्ये तसाच्या तसा येतो. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचं तर विचारूच नका, हापूसच्या स्पेलिंगमध्ये कुणी 'यू' घालतो, कुणी दोन 'ओ', कुणी 'ए' दोनदा. उलट 'ऑर्डर' या शब्दाने काय गोळा केलं होतं? काकीने ऑनलाइन मागवलेल्या कुकरच्या शिट्टीपासून चुलतभावाच्या बुटांपर्यंत सगळ्यांचे 'तुमची ऑर्डर निघाली आहे' असे मेल.

'पेमेंट' मात्र तंतोतंत जुळला. मेल 'हिशोब'मध्ये गेला, इनबॉक्समधून निघाला, वाचलेला म्हणून खूण झाली. इनबॉक्समध्ये न आलेल्या मेलची घंटी फोनवर आपसूक वाजत नाही. न वाचलेल्यांच्या आकड्यातही तो धरला गेला नाही.

समजा 'ऑर्डर'चं लेबल लागलं असतं तरी तो वाचला नसता. जीमेलमध्ये एका मेलला जेवढे नियम लागू पडतील तेवढे सगळे लागतात, त्यांच्यात वर-खाली असा क्रम नसतो. दोन लेबलं एकाच मेलवर सुखाने राहतात, पण दहा नियमांतल्या एकाने जरी 'इनबॉक्समध्ये आणू नका' म्हटलं तरी मेल इनबॉक्सबाहेर जातो. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्राममध्ये नियमांना क्रम असतो आणि 'यापुढचे नियम बघू नका' अशी सोयही असते. मी कार्यालयात आउटलुक वापरते आणि तीच समजूत घेऊन इथे काम केलं होतं.

१७ एप्रिलला त्यांनी स्मरणपत्र पाठवलं, आधीच्याच मेलला उत्तर म्हणून. खाली जुना मजकूर चिकटलेला होता, त्यात 'पेमेंट' होता. तोही तिथेच गेला. २४ तारखेला त्यांनी वैतागून नवा मेल लिहिला, दोन ओळींचा. त्यात पैशाचा उल्लेख नव्हता, म्हणून तो इनबॉक्समध्ये आला आणि फोन वाजला. काकीला दिसलेला तो पहिला मेल.

शोध

जीमेल एखाद्या मेलवर 'हा अमुक नियमाने हलवला' असं लिहून ठेवत नाही. मी त्यांचा पत्ता घालून स्पॅम आणि कचरापेटीसकट सगळीकडे शोधलं, तेव्हा दोन्ही मेल 'हिशोब'मध्ये सापडले. मग सेटिंगमध्ये जाऊन एकेक नियम संपादनासाठी उघडला आणि त्याच अटीवर शोध घेतला. ज्याच्या शोधात तो मेल दिसतो तो नियम दोषी. १९ नियम असे तपासायला वेळ लागला, पण या तपासणीतच बाकीचं उजेडात आलं.

'बँक' लेबलचा नियम मी बँकेच्या नावावर केला होता. त्या लेबलखाली बँकेचे खरे मेल होते आणि त्यांच्या शेजारी, त्याच रंगाच्या पट्टीखाली, 'केवायसी आजच करा नाहीतर खातं बंद' असा एक भामट्याचा मेलही होता. त्यात बँकेचं नाव होतं, म्हणजे माझी अट पुरी होत होती. काकीने तो उघडला नव्हता हे नशीब. लेबल म्हणजे घरातल्या माणसाने दिलेली ओळख असते, आणि मी ती चोराला देऊन बसले होते. साठ डझनांपेक्षा मला हे जास्त हादरवून गेलं.

स्पॅममध्ये खोल्यांची विचारणा करणारे दोन मेल सापडले. स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो, म्हणजे त्याआधीचे किती गेले हे कधीच कळणार नाही.

दुरुस्ती

मे महिन्यात, काढणी उरकत आल्यावर, दोन दिवस राहून सगळं नव्याने केलं. या वेळी आधी नियम केले नाहीत. काकीला शेजारी बसवलं आणि मागच्या महिन्याभरातला प्रत्येक मेल दाखवत विचारलं, हा आला तेव्हा फोन वाजायला हवा होता का? तिची उत्तरं झटपट होती. "माका लेबला कळनत नाय, कोणाक घंटी होयी ता सांगतंय," असं म्हणाली, आणि तेच बरोबर होतं.

त्यातून जे ठरलं ते असं. नवं गिऱ्हाईक काय लिहील, कुठल्या भाषेत, कुठल्या शब्दात, हे आपल्याला आधी सांगता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला पकडणारा नियम करायचाच नाही. कोण नको आहे ते मात्र पत्त्यासकट माहीत असतं. तेव्हा इनबॉक्समधून बाहेर काढणारा प्रत्येक नियम पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर, शब्दावर एकही नाही. शब्दाची अट फक्त भर घालण्यासाठी, म्हणजे तारा किंवा रंग लावण्यासाठी. आणि 'बाजूला ठेवा' व 'वाचलेला म्हणून खूण करा' या दोन कृती एकत्र कुठेच नाहीत.

सुरुवात वर्गण्या तोडण्यापासून केली. जाहिरातीच्या मेलमध्ये 'अनसबस्क्राइब' असतं ते दाबलं की बहुतेक प्रामाणिक कंपन्या थांबतात. २०२४पासून गूगलने जीमेल खात्यांवर दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत बाहेर पडायची सोय देणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपं झालं. नोकरीच्या सूचना चुलतभावाला फोन करून त्याच्याच हाताने बंद करवल्या. जो मेल यायचाच थांबतो त्याला नियमाची गरज नाही. या एका दुपारीने निम्मी गर्दी गेली.

उरलेल्या जाहिरातींसाठी 'अनसबस्क्राइब हा शब्द असलेला मेल बाजूला करा' अशी एक सोपी युक्ती सांगितली जाते. मी तीही करून बघितली, पण आधी फक्त लेबल लावून, काही न हलवता. दोन आठवड्यांत दिसलं की बुकिंगच्या संकेतस्थळाचे मेल तिच्यात सापडतात, कारण त्यांच्या तळाशीही तोच शब्द असतो. ती युक्ती सोडली. तेव्हापासून आमच्याकडे पद्धत पडली आहे. नवा नियम दोन आठवडे नुसतं लेबल लावतो, काकी त्या लेबलखाली काय जमतं ते बघते आणि मगच त्याला मेल हलवायची मुभा मिळते.

बँकेचा नियम आता नावावर नाही. व्यवहाराच्या सूचना ज्या पूर्ण पत्त्यावरून येतात तेवढाच पत्ता. स्टेटमेंट आणि केवायसीचे मेल इनबॉक्समध्येच येतात आणि त्यांच्याकडे बघून घ्यायचं. पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा दाखवता येतो, त्यावर जीमेल आपल्या परीने तपासण्या लावतो, पण मेलमधल्या दुव्यावरून बँकेत जायचं नाही हा नियम काकीच्या वहीत पहिल्या ओळीवर आहे. तो कुठल्या फिल्टरमध्ये बसत नाही.

खोल्यांसाठी संकेतस्थळांचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला 'ॲट'नंतरचा भाग, घातलं, पूर्ण पत्ता नाही. पाहुण्यांचे निरोप संकेतस्थळामार्फत येतात आणि दर बुकिंगला पत्ता वेगळा असतो, डोमेन तेच राहतं. या मेलना 'खोल्या' लेबल, तारा, स्पॅममध्ये कधीच नाही, आणि मुख्य टॅबमध्ये, म्हणजे इनबॉक्सच्या पहिल्या कप्प्यात, आणणे. तो शेवटचा भाग विसरला जातो. जीमेलने २०१३मध्ये टॅब आणले, तेव्हापासून मेल इनबॉक्समध्ये असूनही 'प्रमोशन्स'मध्ये पडून राहू शकतो आणि फोन गप्प बसतो. सरकारी मेलसाठी 'जीओव्ही डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन' ही दोन डोमेन, तारा आणि स्पॅमपासून संरक्षण. विमा कंपनीचा पत्ता वेगळा घातला.

आंब्याच्या मागणीसाठी काकांनी वाट दाखवली, संगणकाला हातही न लावता. वाशीला जाणाऱ्या पेटीवर प्रत्येक बागायतदाराचा मार्का असतो. हजारो पेट्यांत आपली ओळखू येते ती मार्क्यामुळे, आत काय आहे हे उघडून बघावं लागत नाही. "तसो मेलाक मार्को नाय लावूक येत?" असं त्यांनी विचारलं. येतो. जीमेलच्या पत्त्यात 'ॲट'च्या आधी अधिकचं चिन्ह आणि पुढे कुठलाही शब्द घातला तरी मेल त्याच खात्यात येतो. आमच्या पत्त्यापुढे अधिक आणि आंबा हा शब्द रोमन लिपीत जोडला. नियमाची अट एवढीच, की मेल या पत्त्यावर आला आहे का. गिऱ्हाईक मग हापूसचं स्पेलिंग काहीही करो.

याला एक खोट आहे. फोनवर पत्ता सांगताना 'प्लस' म्हटलं की समोरचा चिन्ह न घालता इंग्रजीत तो शब्द लिहितो, आणि मेल परत तरी जातो किंवा भलत्याच कुणाच्या खात्यात. काही संकेतस्थळांचे अर्जही हे चिन्ह घेत नाहीत. म्हणून हा पत्ता तोंडी सांगायचा नाही. खोक्यावर चिकटवायच्या कागदावर क्यूआर कोड छापला, व्हॉट्सॲपवर पत्ताच पाठवतो, कोड स्कॅन केला किंवा पत्त्यावर टिचकी मारली की मेल पत्त्यासकट उघडतो. जुनी गिऱ्हाइकं जुन्याच पत्त्यावर लिहिणार, त्यांना कुणी अडवलेलं नाही. त्यांचे मेल साधेपणाने इनबॉक्समध्ये येतात आणि फोन वाजतो.

काकीच्या अँड्रॉइड फोनवर 'खोल्या' आणि 'आंबा' या दोन लेबलांची घंटी वेगळी चालू केली. सगळे नियम एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतात, ती ड्राइव्हवर ठेवली. आणि काकीने वहीत प्रत्येक नियम आपल्या शब्दात लिहिला. आता नियम नऊ आहेत. वहीच्या एका पानावर मावतात.

एक जास्तीचं काम निघालं. खात्याची मोफतची १५ जीबी जागा भरत आली होती. ही जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असते, आणि ती भरली की नवे मेल येणंच बंद होतं. मग कितीही चांगले नियम असोत. दहा एमबीहून मोठ्या फाइली असलेले जुने मेल शोधून काढले आणि बागेच्या व्हिडिओंची छाटणी केली. काका एकेक व्हिडिओ बघून मगच पुसू देत होते, त्यामुळे त्यालाच अख्खी संध्याकाळ गेली.

त्यानंतर

जूनमध्ये पावसाने तीन दिवस लाईट नव्हती, फोन बंद. नियम गूगलच्या सर्व्हरवर चालतात, फोनवर नाही. लाईट आली तेव्हा तीन दिवसांचे मेल आपापल्या जागी लागलेले होते आणि इनबॉक्समध्ये काकीला बघायचे तेवढेच उरले होते. आउटलुकचे काही नियम संगणकावर प्रोग्राम उघडा असला तरच चालतात, ते अशा वेळी उपयोगाचे नसते.

ऑगस्टमध्ये गणपतीला गेले तेव्हा काकीने दोन तक्रारी मांडल्या. एक, 'आंबा'ची घंटी कधीकधी तासाभराने वाजते. ती फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे होती, जीमेलला त्यातून वगळल्यावर थांबली. दुसरी, सरकारी मेलवर तारे फार साठतात. तिथे तारा काढून नुसतं लेबल ठेवलं. शनिवारी रात्री जेवणं झाली की ती स्पॅम आणि 'हिशोब' दोन्ही उघडून बघते. ते मी सांगितलं नव्हतं, तिने स्वतः वहीत लिहून ठेवलं होतं.

पुण्याच्या गृहस्थांना काकीने मे महिन्यातच लिहिलं, काय झालं ते जसंच्या तसं. त्यांचं उत्तर आलं की पुढच्या मोसमात मोहोर बघून कळवा. त्यांचा पत्ता स्पॅममध्ये न जाणाऱ्यांच्या नियमात घातला आहे, पण त्यांच्या सोसायटीत आता यादी करणारं माणूस बदलणार आहे असं त्यांनी लिहिलंय. नव्या माणसाचा पत्ता आमच्याकडे नाही. त्याचा पहिला मेल यायचा आहे.